'उदार' कशात उदार?

प्रश्न : उदारमतवाद म्हणजे मनाचा मोठेपणा, असेच आम्ही समजत आलो. मग बहुमताने निवडून आलेल्या सरकारलाही ही मंडळी आडवी का जातात? आणि १९९१च्या 'उदारीकरणा'शी याचे काही नाते आहे का?

उत्तर : घोळ मराठी शब्दाने घातला आहे. 'उदार' म्हटले की दानशूर माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे प्रश्न वेगळाच आहे : सत्ता, मग ती कोणाचीही असो, कुठे थांबली पाहिजे?

राजकीय गटाचे नाव म्हणून मूळ 'लिबरल' हा शब्द रूढ झाला स्पेनमध्ये. नेपोलियनच्या फौजा देशात असताना १८१० साली काडिझ बंदराच्या भागात प्रतिनिधिसभा भरली. राजाला घटनेने बांधू पाहणारे 'लिबेराल' ठरले. विरोधकांना ते 'सर्व्हिल' म्हणत, आपल्याकडे म्हणू 'हुजरे'. गंमत अशी, की त्यांच्याच १८१२च्या घटनेने कॅथलिक सोडून इतर धर्मांना मनाई केली होती.

विचार मात्र त्याआधी सव्वाशे वर्षांचा, इंग्लंडमधला. राजा हा प्रजेचा बाप, असे रॉबर्ट फिल्मरचे म्हणणे. जॉन लॉकने ते खोडले : बापाचा हुकूम मूल वयात येईपर्यंत, जाणत्या माणसांवरची सत्ता त्यांच्या संमतीनेच. सरकार हे विश्वस्त. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखण्यासाठी नेमलेले. विश्वास मोडला तर लोकांनी ते बदलावे. हे मांडणारे पुस्तक त्याने निनावी छापले, आपले असल्याचे मान्य केले ते मृत्युपत्रात. १६८९च्या अधिकारांच्या कायद्याने राजाला प्रत्यक्ष वेसण घातली : संसदेच्या संमतीवाचून कर नाही, कायदा स्थगित करणे नाही, शांततेच्या काळात खडे सैन्य नाही.

राजा गेला, बहुमत आले, तरी प्रश्न उरतोच. १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिलने तो हाताळला. दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यापुरतीच सक्ती रास्त, हा त्याचा निकष. 'धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात' हे छापले तर कोणी अडवू नये; पण व्यापाऱ्याच्या दारात खवळलेल्या जमावापुढे तेच बोललात तर शिक्षा होऊ शकते. वाक्य तेच, प्रसंग वेगळा. नेमके इथेच लोक चुकतात : नुसते वाईट वाटणे त्याच्या हिशेबी इजा नव्हे.

मिल पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत होता, आणि 'मागासलेल्या' समाजांना त्याने हा नियम लावलाच नाही. आपल्या नेमस्तांनी, म्हणजे सनदशीर मार्गाने हक्क मागणाऱ्या पुढाऱ्यांनी, याच विचाराचा काटा राज्यकर्त्यांवर उलटवला. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी एका भाषणात सरकारच्या शिलकी अर्थसंकल्पावर बोट ठेवले : रयत हलाखीत असताना शिल्लक उरते, याचा अर्थ कर जास्त घेतला जातो. त्यांना 'मवाळ' म्हणून हिणवले गेले, पण त्या भाषणात मवाळ असे फारसे काही नाही.

१९९१शी नाते आहे, पण एकाच शाखेचे. परवान्यांचा जाच कमी करणे हा अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या १७७६च्या मुक्त व्यापाराच्या मांडणीतून आलेला धागा. दुसरी शाखा म्हणते, उपाशी माणसाचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. ब्रिटनमध्ये १९०८ साली सत्तर वर्षांवरच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू केली, ती लिबरल पक्षाच्याच सरकारने.