फ्लोअर ओलांडला की पगडी फिरवली?

विचारणा अशी: कॅनडाच्या राजकारणावरचा मजकूर मराठीत आणताना ‘क्रॉसिंग द फ्लोअर’ला सरळ ‘पक्षांतर’ म्हणावं का? आणि त्याच मजकुरात सारखे भेटणारे ‘लॉयल’, ‘लॉयलिस्ट’ हे शब्द प्रत्येक ठिकाणी ‘निष्ठावंत’ने भागतील का?

पहिल्याला होकार, पण थोडं सांभाळून. दुसऱ्याला नकार.

आधी फ्लोअर. ‘त्यांनी मजला ओलांडला’ हे यांत्रिक भाषांतर सोडून देऊ. हा फ्लोअर म्हणजे सभागृहातली मधली मोकळी जागा. राजधानी ओटावातल्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे कॅनडाच्या लोकसभेत, बाकं समोरासमोर आहेत, सभापतींच्या उजव्या हाताला सरकार आणि डाव्या हाताला विरोधक. मधली वाट दोन तलवारींच्या लांबीएवढी, असं परंपरेनं सांगतात. ती ओलांडून पलीकडे बसणं हा मूळ अर्थ. आपल्या विधिमंडळात अर्धवर्तुळाकार बैठक असल्यामुळे हे चित्र मराठीत मुळातच नाही, ते ओढूनताणून आणण्यात हशील नाही.

आणि खुद्द कॅनडातही ते चित्र आता झिजलं आहे. २३ जानेवारी २००६ च्या निवडणुकीत डेव्हिड इमर्सन व्हँकुव्हर किंग्सवे मतदारसंघातून लिबरल म्हणून निवडून आले. मावळत्या लिबरल सरकारात ते मंत्री होतेच. ६ फेब्रुवारीला त्यांनी कन्झर्व्हेटिव्ह मंत्रिमंडळात शपथ घेतली. म्हणजे पलीकडच्या बाकांवर त्यांचा जुना पक्ष गेला, हे सरकारी बाजूलाच राहिले! तरी वर्तमानपत्रांनी याला फ्लोअर क्रॉसिंगच म्हटलं. म्हणून ‘बाजू बदलली’पेक्षा ‘पक्ष बदलला’ हेच नेमकं.

‘पक्षांतर’मधलं ‘अंतर’ हे भाषांतर, धर्मांतर, स्थलांतरातलं, म्हणजे ‘दुसरा’. त्यामुळे या शब्दात दुसरा पक्ष असावाच लागतो. जो पक्ष सोडून अपक्ष बसतो त्यानं पक्षत्याग केला, पक्षांतर नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये जोडी विल्सन-रेबोल्ड यांना लिबरल कॉकसमधून काढलं, ती हकालपट्टी. (‘कॉकस’ला ‘संसदीय पक्ष’ हा शब्द चपखल बसतो.) पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणं हे तिसरंच, त्याला ‘पक्षादेश झुगारला’ म्हणावं. व्हिपच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. इंग्रजीत माणूस आणि आदेश दोघांनाही एकच शब्द, आपल्याकडे माणसाला ‘प्रतोद’ आणि आदेशाला ‘व्हिप’ किंवा ‘पक्षादेश’. प्रतोद म्हणजेही चाबूकच.

खरा घोटाळा अर्थापेक्षा वासाचा आहे. मराठी वाचकाला ‘पक्षांतर’ म्हटलं की १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, दहावी अनुसूची, अपात्रतेची सुनावणी हे सगळं आठवतं. कॅनडाच्या संसदेत असा कायदा नाही. १७ मे २००५ रोजी बेलिंडा स्ट्रोनॅक कन्झर्व्हेटिव्ह पक्षातून लिबरल पक्षात गेल्या आणि थेट मंत्री झाल्या, ना राजीनामा ना पोटनिवडणूक. दोनच दिवसांनी अर्थसंकल्पावरचं मतदान १५२-१५२ असं बरोबरीत अडकलं आणि सभापती पीटर मिलिकन यांच्या निर्णायक मतानं सरकार तरलं. असं वाक्य भाषांतरात आलं तर ‘खासदारकी कायम ठेवून’ एवढे शब्द पदरचे घालावेत, नाहीतर वाचक अपात्रतेची बातमी शोधत बसतो. प्रांतांमध्ये मॅनिटोबानं २००६ मध्ये कायदा करून पक्ष सोडणाऱ्या आमदाराला मुदत संपेपर्यंत अपक्ष बसायला लावलं होतं. २०१८ मध्ये तो रद्द झाला.

मग तिथं शिस्त टिकते कशानं? उमेदवारीनं. १९७० च्या कायद्यापासून मतपत्रिकेवर पक्षाचं नाव हवं तर पक्षनेत्याची सही लागे, २०१५ पासून पक्षानं नेमलेल्या व्यक्तीची चालते. ‘लीडर्स सिग्नेचर’ असं कुठे आलं तर महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘आपल्या एबी फॉर्मसारखं’ एवढं सांगितलं की पुरतं.

‘फूट’ हा शब्द एकट्यादुकट्यासाठी वापरू नये, तो गटासाठी राखावा. अल्बर्टा प्रांतात १७ डिसेंबर २०१४ ला वाइल्डरोज पक्षाचे १४ पैकी ९ आमदार, पक्षनेत्या डॅनिएल स्मिथ यांच्यासह, सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षात गेले. ही फूट. आपल्या पक्षांतरबंदी कायद्यातल्या दोन-तृतीयांशाच्या हिशेबात मात्र त्यांना एक माणूस कमी पडला असता.

शिव्यांचं काय? क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांतात पक्ष बदलणाऱ्याला ‘व्हीर-कापो’ म्हणतात. कापो म्हणजे तिथला थंडीतला लांब कोट, तो उलटा करणारा. याला आपल्या ‘पगडी फिरवणे’इतका जवळचा शब्द दुसरा नाही: दोन्हीकडे अंगावरचंच वस्त्र फिरतं. लेखात तो खुशाल वापरावा, बातमीत नको. ‘आयाराम-गयाराम’ला हरियाणातल्या १९६७ च्या गयालालांची पाठराखण आहे, तो ओटावात परका वाटतो. ‘गद्दार’ २०२२ नंतर महाराष्ट्रातल्या एका फुटीला इतका चिकटला आहे की कॅनडाच्या बातमीत तो आला तर वाचकाचं लक्ष मुंबईकडे जाईल.

आता ‘लॉयल’. ‘हिज मॅजेस्टीज लॉयल अपोझिशन’मधली निष्ठा राजाशी आहे, पक्षाशी नव्हे. भाषांतर ‘अधिकृत विरोधी पक्ष’. १९९३ मध्ये हे बिरुद ५४ जागा जिंकलेल्या ब्लॉक क्यूबेक्वाकडे गेलं, आणि त्या पक्षाला क्यूबेक वेगळं काढायचं होतं! तिथं ‘निष्ठावंत’ लिहिलं की नकळत विनोद होतो. इतिहासाच्या मजकुरातला ‘लॉयलिस्ट’ आणखी वेगळा: अमेरिकन क्रांतीत ब्रिटिश राजाच्या बाजूनं राहिलेले आणि नंतर कॅनडात येऊन वसलेले लोक. त्यांना ‘राजनिष्ठ’ म्हणावं.

उरला ‘पार्टी लॉयलिस्ट’. त्याला ‘पक्षनिष्ठ’ ठीक. ‘निष्ठावंत’ शब्दाला आपल्याकडे तिकीटवाटपाचा दर्प आहे, ‘निष्ठावंतांना डावललं’ या मथळ्याशिवाय तो सहसा दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाला मत देणाऱ्यासाठी ‘हाडाचा लिबरल’ हे सगळ्यात मराठी. ‘पार्टिझन’ला ‘पक्षपाती’ मात्र कधीच नको. पक्षपात पंच करतो, कार्यकर्ता पक्षाभिमानी असतो.

जाता जाता ‘टोरी’. ब्रिटनच्या कन्झर्व्हेटिव्हांना मराठीनं कधीकाळी ‘हुजूर पक्ष’ म्हटलं, समोर ‘मजूर पक्ष’ होताच, यमकही जुळलं. कॅनडाचा आजचा कन्झर्व्हेटिव्ह पक्ष २००३ मध्ये पश्चिमेकडच्या कॅनेडियन अलायन्सला घेऊन बनला. अल्बर्टातल्या ओटावाविरोधी मतदाराला हुजुरांत बसवणं विचित्र होईल. ‘टोरी’ आणि लिबरलांचं ‘ग्रिट’ ही टोपणनावं तशीच ठेवावीत. टोरी हा मूळ आयरिश शब्द, अर्थ लुटारू. विरोधकांनी दिलेली शिवीच पुढे टोरींनी मिरवली.