नाताळच्या सुट्टीत अर्धवट राहिलेल्या गोधड्या पुढे कशा सरकवायच्या?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुकड्यांच्या तीन गोधड्या घरात अर्धवट पडल्यात, दरवर्षी नाताळच्या सुट्टीत पुऱ्या करायचं ठरवता आणि जानेवारी लागला की पुन्हा तशाच घड्या करून कपाटात जातात, तर काय करावं. मला हे वाचून उत्तर द्यावंसंच वाटलं कारण माझी पाच-सहा वर्षं अगदी अशीच गेलीत. मी सोलापूरची, शाळेत शिकवते, आमच्या शाळेला २५ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी असते म्हणजे आठ दिवस.

माझं सांगणं एकच आहे, सुट्टीत तुकडे जोडत बसू नका.

सगळ्या बायका तेच करतात, मीपण करायचे. सुट्टी लागली की चिंध्यांचं बोचकं काढायचं, रंग लावून बघायचे, हा निळा त्या पिवळ्याशेजारी की लालशेजारी, चौकोन कापायचे, जोडायचे, ते काम इतकं छान वाटतं की चार दिवस कसे गेले कळत नाही, आणि मग वरची बाजू तयार झाली की सुट्टी संपलेली असते. पण तुकडे जोडायला सुट्टी लागतच नाही हो. ते मांडीवर बसून होतं, टीव्हीसमोर होतं, मुलांना ट्यूशनला सोडून बाहेर थांबलं तरी होतं, रोज चार तुकडे जोडले तरी दिवाळीपर्यंत वरची बाजू तयार. धावदोऱ्याचंही, म्हणजे सगळे थर धरून घालायच्या पक्क्या टाक्यांचंही तसंच, तो मांडीवर घेऊन घालता येतो. मांडीवर न होणारं काम एकच, थर मांडून कच्चा दोरा घालणं, म्हणजे थर हलू नयेत म्हणून तात्पुरते लांब टाके घालणं. त्याला जमीन मोकळी लागते आणि आपल्या दोन हातांबरोबर अजून दोन हात लागतात, आणि या दोन्ही गोष्टी नोकरी करणाऱ्या बाईला सुट्टीतच मिळतात. म्हणून सुट्टीचे पहिले दोन दिवस फक्त मांडणीला द्या. तिन्ही गोधड्यांची वरची बाजू तयार असेल तर तिन्ही मांडून, कच्चा दोरा घालून ठेवा. एकदा थर एकमेकांना धरून बसले की ती गोधडी अर्धवट राहिली तरी बिघडत नाही, गुंडाळून ठेवा, काढा, चार ओळी घाला, परत ठेवा.

मांडणी कशी करते ते सांगते, कारण सगळं तिथंच ठरतं. आमचा हॉल छोटा आहे, दिवाण बाहेर काढला की जेमतेम एक गोधडी पसरते. पहिल्यांदा मी गच्चीवर मांडली होती, डिसेंबरात आमच्याकडं सकाळचं ऊन फार छान असतं म्हणून, पण वारं आलं की वरचा थर उडतो आणि परत सगळं पहिल्यापासून, त्यामुळं आता घरातच. सकाळी लवकर, कुणाची ये-जा सुरू व्हायच्या आधी. सासूबाई उठून येतात आणि विचारतात काय करलालीस गं एवढ्या सकाळी, आणि दोन मिनिटात स्वतःच कोपरा धरून बसतात. त्या अक्कलकोटकडच्या, त्यांच्या माहेरी घरात कन्नड, त्या गोधडीला कौदी म्हणतात. माझी आजी मोहोळकडची, ती वाकळ म्हणायची. शेजारच्या तेलुगू काकू बोंत म्हणतात. वस्तू एकच आणि आमच्या एका मजल्यावर तिला चार नावं, मला हे फार आवडतं.

तर खालचं कापड आधी, उलटी बाजू वर करून. ते फरशीवर ताणून कडेनं चिकटपट्टी लावायची, किंवा कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आम्ही वरवंटा आणि तांदळाचे डबे ठेवतो. ढिलं राहिलं तर खाली चुण्या पडतात आणि त्या शेवटपर्यंत दिसत नाहीत, उलटवल्यावरच दिसतात. मग आतले थर एकेक करून, प्रत्येक थर हातानं मधून कडेकडे सपाट करत, शेवटी तुकड्यांची वरची बाजू. खालचं कापड चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवा, नंतर तेच वर दुमडून मगजी, म्हणजे कडेची पट्टी, करता येते. मग कच्चा दोरा, पांढरा साधा दोरा, बोटाएवढे लांब टाके, आणि सुरुवात मधोमध. मधून चारी बाजूंना बाहेर जायचं, वीत-वीत अंतरावर, म्हणजे जी काही सुरकुती असेल ती कडेकडे सरकत बाहेर निघते. दोघी बसलो तर दोन-अडीच तासात एक होते. एकटीनं केलं तर अर्धा दिवस जातो आणि कंबर धरते ती वेगळी.

हे मी का इतकं घोळून सांगते तर एका वर्षी मी कच्चा दोरा घातलाच नव्हता. आमच्याकडं संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा असते, आम्ही गड्डा म्हणतो, होम मैदानावर पाळणे लागतात, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि सोलापुरात घराघरात पाहुणे येतात. पाहुणे म्हणजे अंथरूण-पांघरूण आलंच. मला ती गोधडी गड्ड्याच्या आधी हवी होती म्हणून मी थर ठेवले, चार टाचण्या लावल्या आणि सरळ पक्का दोरा सुरू केला. आजी जसं घालायची तसं, काठापासून सुरू करून चारी बाजूंनी फिरत फिरत आत. सहा दिवस काम केलं. मधे जेवणाच्या ताटाएवढी जागा राहिली तेव्हा लक्षात आलं की वरचं सगळं जादा कापड तिथं गोळा झालंय, चांगला फुगा, दाबला तर इकडून तिकडं सरकतो पण जात नाही. कुठं जाणार, चारी बाजू तर मीच बंद केल्या होत्या. मागं मागं जात चार ओळी उसवल्या, मग आठ, मग दहा. मला अक्षरशः रडू आलं होतं. ती गोधडी गड्ड्याला काय, होळीलाही झाली नाही. आजीची पद्धत चुकीची नव्हती, मी विसरले होते की आजीबरोबर आत्या बसायची, दोघी समोरासमोर, एक दोरा घालायची आणि दुसरी पुढचं कापड ताणून धरायची. ते ताणून धरणारे हात म्हणजे आजीचा कच्चा दोरा होता. आपण एकट्या बसतो, आपल्याला तो घालावाच लागतो.

आता आत काय घालायचं, कारण यानंही गोधडी रखडते. खूप जाड थर घेतले की सुई जात नाही, बोटं दुखतात आणि मग आपण ती गोधडी हातात घ्यायचंच टाळतो. वरचं आणि खालचं धरून चार थर पुरे, थंडी जास्त असेल तर पाच. सुती नऊवारी सगळ्यात चांगली, धुऊन धुऊन मऊ झालेली, सुई लोण्यासारखी जाते. नऊवारी म्हणजे साधारण ३२४ इंच, त्यात ९० इंचाचे तीन तुकडे सहज निघतात, दोन शेजारी शेजारी जोडले की एक थर. पाचवारीतून दोन निघतात, तोही एक थर झाला. जुनं धोतर पण छान. आम्ही सोलापूरकर काय करतो तर फाटलेली सोलापुरी चादर आत घालतो, ऊब भारी येते, पण एकच घाला आणि तीही खूप वापरून विरलेली, त्या चादरीची वीण घट्ट असते, नवी असली तर अंगुस्तान (बोटात घालायची धातूची टोपी) घालूनसुद्धा सुई ढकलताना बोटाला खड्डा पडतो. टॉवेल घालू नका. आमच्याकडं टॉवेल भरपूर म्हणून लोकांना सुचतं, पण त्याच्या वळ्यांत दोरा अडकतो आणि धुतल्यावर पाणी इतकं पितो की दोघांनी उचलावी लागते. सिंथेटिक साडी आत नकोच, ती घसरते, बाकीचे थर पण घेऊन जाते.

कात्रणं वापरत असाल तर अजून एक. इथं युनिफॉर्म शिवणारे कारखाने बरेच आहेत त्यामुळं चेक्सची, खाकीची, नेव्ही ब्ल्यूची कात्रणं मिळतात, दिसायला फार सुंदर लागतात शेजारी शेजारी, पण बरीच टेरिकॉटची, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली, असतात, ती फक्त वरच्या बाजूला घ्या आणि मऊ सुतीच्या मधे मधे. आणि कुठलंही नवं कापड जोडायच्या आधी भिजवून वाळवा, सुती असेल तर आटतं, जुनी साडी आधीच आटलेली असते, मग पहिल्या धुण्यात नवा तुकडा ओढतो आणि शेजारचा फुगतो. गडद लाल, मरून, खणाचे तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून बघा, फडक्याला रंग लागला की तो तुकडा बाजूला. कितीही आवडता असला तरी.

मशीनबद्दल विचारलंय. तुकडे जोडायला मशीन बिनधास्त वापरा, मीही वापरते. पण सगळे थर एकत्र घरच्या साध्या मशीनवर घालायला जाऊ नका, मशीनचे दात खालचं कापड पुढं ओढतात आणि वरचं कापड दाबपट्टीखाली मागं राहतं, ओळ संपेपर्यंत वरच्या बाजूला झोळ तयार. जमवणारे जमवतात, पण हाताच्या धावदोऱ्यानं जी मऊ सुरकुती येते ना, बारीक बारीक लाटांसारखी, ती मशीनला येत नाही, आणि ती नसेल तर मला ती गोधडीच वाटत नाही.

पक्क्या दोऱ्याचा हिशोब एकदा मांडून बघा, त्यानं माझी घाई एकदम गेली. माझी गोधडी ६० बाय ९० इंच. एक-एक इंचावर ओळी घेतल्या तर ६० ओळी, प्रत्येक ९० इंचाची, म्हणजे ५४०० इंच, जवळजवळ १३७ मीटर टाके. गोल फिरत घातलं तरी तेवढंच होतं. मला एका ओळीला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणजे २० तास. मांडणीचे दोन दिवस सोडले तर उरतात सहा, रोज दोन तास बसले तरी १२ तास. म्हणजे एक गोधडीसुद्धा पूर्ण होत नाही सुट्टीत! हे कागदावर लिहिल्यावर मला कळलं की मी दरवर्षी स्वतःला जे जमणारच नाही ते सांगत होते आणि मग नाराज होऊन बोचकं बांधत होते. आता सुट्टीत ३६ ओळी, उरलेल्या २४ जानेवारीत रोज एक. दोन इंचावर ओळी घेतल्या तर काम निम्मं होतं, पांघरायच्या गोधडीला चालतं, अंथरायची असेल तर मात्र जवळ जवळच घ्या नाहीतर आतला कपडा गोळा होतो. आणि आजच्या ओळी कुठं संपल्या तिथं रंगीत दोऱ्याची खूण ठेवा, आमच्या मुलीला ती खूण मोजायला फार आवडतं, रात्री येऊन सांगते आई आज सात.

दोरा जाड सुती घ्या, मेणबत्तीवरून एकदा ओढा म्हणजे गुंतत नाही, आणि दोन हातांपेक्षा लांब घेऊ नका, लांब दोऱ्यानं वेळ वाचतो असं वाटतं पण सगळा वेळ गाठी सोडवण्यात जातो. सुई गोधडीचीच, लांब आणि जाड, म्हणजे एका वेळी पाच-सहा टाके सुईवर भरून मग ओढता येतात, वेग तिथं येतो. गडद कापडावर संध्याकाळी गडद दोरा घालू नका, डोळ्यांना त्रास होतो, मी तर फिकटच घेते, टाके दिसले तर दिसू देत, दिसावेत म्हणूनच घालतो आपण.

आता तुमच्या तीन गोधड्यांपैकी आधी कुठली. तुम्ही लिहिलंय एकीचे तुकडे अजून जोडायचेत, एकीची वरची बाजू तयार आहे आणि तिसरीला थोडा दोरा घालून झालाय पण चुण्या पडल्यात. पहिली आत्ता बाजूला ठेवा, तिचं बोचकं फेब्रुवारीत काढा. दुसरी २५ तारखेला सकाळी मांडा, घरातल्या कुणालातरी आदल्या रात्रीच सांगून ठेवा की सकाळी दोन तास पाहिजेत. तिसरीचा दोरा उसवा. वाईट वाटेल, पण चुण्या पडलेल्या जागेवर पुढं दोरा घालत गेलं तर त्या वाढतच जातात. उसवायला बारीक कात्री घ्या आणि उलट्या बाजूनं दर चौथा-पाचवा टाका कापा, मग वरून दोरा ओढला की भराभर निघतो, कापडाला धक्का लागत नाही. उसवली की धुऊन उन्हात वाळवा म्हणजे सुयांची भोकं बुजतात, आणि २६ ला ती मांडा. मापं आणि आतले थर काय आहेत ते लिहिलंत तर किती दोरा लागेल ते सांगते.