‘समाधाने’ पुरवणारी कंपनी

एका वाचकाने मला एका कंपनीचे प्रसिद्धिपत्रक पाठवले आहे. त्यात कंपनीने स्वतःला ‘जलव्यवस्थापनाची सर्वांगीण समाधाने पुरवणारी अग्रगण्य संस्था’ म्हटले असून, ‘समाधान’चे असे अनेकवचन चालते का, असा वाचकाचा प्रश्न आहे. चालत नाही; पण खरी चूक वचनाची नसून अर्थाची आहे, आणि विमा, बँका, संगणक अशा साऱ्या क्षेत्रांच्या पत्रकांत ती वाचून मी अक्षरशः वैतागलो आहे.

हिंदीत ‘समस्या का समाधान’ रूढ आहे आणि तिथे ते योग्यच आहे. मराठीत मात्र समाधान वाटते, लाभते, चेहऱ्यावर दिसते. या शब्दाच्या मुळाशी ‘धा’, म्हणजे ठेवणे, हा धातू आहे. सम् आणि आ हे उपसर्ग लागून ‘नीट एकत्र आणून ठेवणे’ असा अर्थ होतो. पाणिनीच्या ‘दधातेर्हिः’ या सूत्राने याच धातूपासून ‘हित’ हे रूप होते, म्हणून समाधान, समाधी आणि समाहित ही सख्खी भावंडे आहेत. वेदान्तातील शमदमादी सहा साधनांपैकी एक असलेले समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. विखुरलेले मन जागेवर आले की जे वाटते त्याला मराठीने समाधान म्हटले, असे माझे ठाम मत आहे. आपण ‘मन थाऱ्यावर आले’ म्हणतो, तीही हीच कल्पना आहे.

पत्रककार ज्याच्यासाठी ‘समाधान’ वापरतात, ते इंग्रजी ‘सोल्यूशन’ नेमके उलट्या दिशेने येते. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘सोल्वेरे’चा अर्थ सुटे करणे, सोडणे असा आहे. मराठीतही आपण गणित सोडवतो, गुंता उकलतो, कोडे उलगडतो. म्हणजे ‘उकल’ हा तोलामोलाचा शब्द घरात असताना पत्रककारांनी जोडण्याचा शब्द सोडवण्याच्या जागी बसवला आहे.

‘शंकासमाधान’कडे बोट दाखवून हा वापर जुनाच असल्याचे सांगणाऱ्या जाणकारांचा दाखला त्यांच्यावरच उलटतो, कारण तिथेही शंका विचारणाऱ्याचे मन निवणे अभिप्रेत असते. संस्कृतात चालते म्हणून मराठीत चालावे, हा त्यांचा दुसरा युक्तिवाद मान्य केला, तर ‘शिक्षा’ हा शब्दही शिकवणे या अर्थाने वापरावा लागेल आणि आपल्या शिक्षण विभागाचे नाव ‘शिक्षा विभाग’ करावे लागेल.

याच पत्रकात पुढे ‘अभिनव समाधानांद्वारे ग्राहकांचे समाधान साधण्यास आम्ही कटिबद्ध आहोत’ असे वाक्य आहे. एकाच ओळीत एकच शब्द दोन अर्थांनी आला, तरी लिहिणाऱ्याला काहीच खटकले नाही. कंपनी पाण्याचे पंप आणि ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवते, हे तिसऱ्या परिच्छेदात कळते. पहिल्या ओळीत तेवढेच लिहायला हवे होते: ‘आम्ही पाण्याचे पंप आणि ठिबकच्या नळ्या बनवतो.’