नवी मुंबई नियोजित शहर आहे, मग पाणी का तुंबतं? गावठाणांमुळे का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. नियोजित शहरात पाणी का तुंबतं, गावठाणवाल्यांनी नाले अडवले म्हणून का, आणि वाशी-नेरूळला तळमजल्यावर घर घ्यावं का. मधला मला लागला, कारण मी गावठाणातला आहे. सुरुवात त्याच्यापासूनच करतो, बाकीचं ओघात येईल.

नाही, मुख्य कारण गावठाण नाही. मुख्य कारण खाडीच्या काठावर आहे, जिथे फिरायला गेलेला माणूस सहसा वाकून बघत नाही.

वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरचा खाडीकडचा बराच पट्टा मूळचा खाजण म्हणजे खारी दलदल, भातखाचरं आणि मिठागरं. 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं प्रकल्पात आली आणि खाचरांवर भराव पडला. सगळी जमीन उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या, भरतीच्या वर नेण्याइतका भराव परवडणारा नव्हता. म्हणून सखल भागात धारण तलाव केले. सेक्टरांतली पावसाळी गटारं तलावात उतरतात आणि तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप आपोआप बंद होते आणि पावसाचं पाणी तलावात साठत राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. ना वीज लागते, ना ऑपरेटर.

याला लोक कौतुकानं डच पद्धत म्हणतात. आमच्या आगरी-कोळी गावांत खारबांध होते आणि बांधाला उघाडी होती. लाकडी फळ्यांचं दार, वरच्या कडेला टांगलेलं, भरतीला मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं. तत्त्व तेच. फरक देखभालीत होता. उघाडीत ओंडका अडकून एका उधाणाचं खारं पाणी खाचरात शिरलं तर पुढची दोन-तीन वर्षं भाताचं पीक धड येत नसे. त्यामुळे उधाणाआधी कोणीतरी जाऊन दार हलवून बघायचंच, आणि बांध फुटला तर अख्खा गाव चिखल वाहायला उतरायचा. सांगायचा मुद्दा हा की जी माणसं भरतीचं पाणी पिढ्यानपिढ्या अडवत आली, त्यांनाच आज पाणी तुंबण्याचं कारण ठरवलं जातं. हे मला मान्य नाही.

तलावाचा हिशेब एकदा करून बघा. 100 हेक्टर भाग, तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस, आणि सगळीकडे काँक्रीट-डांबर असल्यामुळे जवळजवळ सगळं पाणी वाहून येतं असं धरा. 50,000 घनमीटर होतात. 5 हेक्टरांच्या तलावात ते आलं तर पातळी 1 मीटर वाढेल. आता त्या 1 मीटरमध्ये 60 सेंटिमीटर गाळ बसला असेल, तर 30,000 घनमीटर पाण्याला जागाच उरत नाही. ते गटारातून उलटं येऊन सगळ्यांत खालच्या रस्त्यावर पसरतं. सेकंदाला 1 घनमीटर उपसणारा पंप लावला तरी तेवढं पाणी काढायला आठ तासांच्या वर लागतात, आणि झडप बंद असण्याची अडचण असते तीन-चार तासांची. म्हणून पंप हा तलावाला पर्याय नाही. पंप आला म्हणून फलक लागतो आणि तलावातला गाळ तसाच राहतो.

हा वाद आमच्याकडे एका बैठकीत चांगलाच पेटला होता. एक निवृत्त अभियंते ठामपणे सांगत होते की गावातल्या घरांनी नाला आवळला, म्हणून सेक्टर बुडतो. नाल्यावरची घरं काढा, प्रश्न सुटेल. गावच्या लोकांचं म्हणणं होतं की आधी झडप बघा. सोक्षमोक्ष लावायला पाऊस नको होता. मे महिन्यातली अमावास्या निवडली. पावसाचा थेंब नाही, नाला कोरडा. दुपारी बाराच्या सुमाराला भरती चढली आणि तलावाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली गेल्या. पाणी खारं. गावातून थेंब येत नव्हता, म्हणजे ते आलं कुठून? ओहोटीला बाहेरच्या बाजूनं बघितलं तर झडपेच्या खालच्या कडेला थर्माकोलचा तुकडा आणि नारळाचं सोडण पाचरीसारखं बसलेलं. रबरी पट्टी अर्ध्यात फाटून लोंबत होती, आणि झडपेच्या आतल्या भिंतीवर शंखशिंपल्यांची पांढरी रेघ उमटलेली. ही रेघ एका दिवसात येत नाही. झडप मिटतच नव्हती, आणि बऱ्याच काळापासून मिटत नव्हती.

अभियंत्यांनी तरीही मान्य केलं नाही. संबंधित कार्यालयात फोटोंसह अर्ज गेला, पोच मिळाली. नंतर त्या तलावाभोवती चालण्याची पायवाट झाली, दिवे लागले. रबरी पट्टी तशीच होती.

झडप नादुरुस्त राहिली की काय काय होतं ते सलग समजून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च इथूनच वाढतो. खारं पाणी रोज आत येतं, सोबत खाडीचा बारीक गाळ आणतं. वरून पारसिकच्या डोंगरातली, दगडखाणींची आणि एमआयडीसी पट्ट्यातली माती नाल्यांतून येते. तलाव उथळ झाला आणि पाणी खारं झालं की खारफुटी रुजते. खारफुटी एकदा उभी राहिली की तो तलाव नुसता तलाव राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर खारफुटी तोडायची तर सार्वजनिक हिताचं काम असल्याचं दाखवून न्यायालयाची परवानगी आणावी लागते. हा निकाल योग्यच आहे, खाडीकाठची खारफुटी नसती तर लाटा आणि धूप थेट शहरावर आली असती. पण धारण तलावाच्या पोटात ती वाढू दिली हा दोष देखभालीचा आहे. जे काम वेळेवर ग्रीस, एक पिन आणि रबरी पट्टी एवढ्यात भागलं असतं, त्यासाठी पुढे वकील, पर्यावरण अहवाल आणि पोकलेन लागतो.

झडप तीन प्रकारे बिघडते. कचरा अडकून मिटत नाही, तेव्हा भरती आत येते. बिजागरी गंजून उघडत नाही, तेव्हा ओहोटी लागूनही रस्ता कोरडा होत नाही. आणि बाहेरच्या बाजूला गाळाचा ढिगारा बसून झडपेचा खालचा भाग त्यात रुततो, तेव्हा झडप धड असूनही हलत नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त फसवतो, कारण तपासणी करणारा वरून बघतो आणि ‘सुस्थितीत’ असा शेरा मारतो. बघायचं असेल तर पूर्ण ओहोटीला, खाडीच्या बाजूनं बघा.

तुमच्या रस्त्यावरचं पाणी कशाचं आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. पाऊस थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पाणी उतरलं, तर जवळचं गटार किंवा जाळी तुंबली आहे. पाऊस थांबूनही पाणी हटत नाही आणि ओहोटी लागल्यावरच उतरतं, तर तलाव भरला आहे. ओहोटीतही उतरत नाही, तर झडप अडकली आहे. भरतीची वेळ कोळ्यांच्या हिशेबानं काढा: तिथीचा आकडा गुणिले पाऊण. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बारा, दिवसा आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, खाडीत आतपर्यंत पाणी यायला थोडा उशीर होतो. पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्यापेक्षा मोठी असते, म्हणून उधाणाच्या दिवसांत दुपारी बारा ते अडीच हा वेळ खरा धोक्याचा.

आता पैशाचं. महापालिकेचं अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या आसपासचं असतं, पैसा नाही हे कारण इथे कोणी देऊ शकत नाही. स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली, त्याचा मलाही अभिमान आहे. पण झडपेचं ग्रीस कोणत्याही क्रमवारीत मोजलं जात नाही. भिंतींवरची चित्रं, कारंजी, रोषणाई यांना माझा विरोध नाही. विरोध क्रमाला आहे. अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडून ‘तरतूद’ वाचून थांबू नका, मागच्या वर्षीच्या ‘प्रत्यक्ष खर्च’ रकान्यात बघा. भांडवली कामांत सुशोभीकरणाचा आकडा आणि महसुली बाजूला मलनिःसारण व पावसाळी गटारांच्या देखभालीचा आकडा शेजारी ठेवा. नालेसफाईची तरतूद मोठी दिसते, पण त्यात नाला किती, धारण तलाव किती आणि झडपा किती हे वेगळं काढल्याशिवाय काही कळत नाही.

वेगळं काढायला माहितीचा अधिकार वापरा. अर्जाचा नमुना जोडपत्र ‘अ’, शुल्क 10 रुपये, मजकूर 150 शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. ‘झडप दुरुस्त का केली नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. अमुक तलावाच्या झडपांच्या तपासणीची नोंदवही, दुरुस्तीचे कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली संबंधित पानं आणि गाळ वाहून नेल्याच्या वजनकाट्याच्या पावत्या. पावत्यांवरची वेळ आणि गाडी क्रमांक नीट बघा. गाळ काढून नाल्याच्या काठावर वाळत ठेवला आणि पहिल्या पावसात तोच परत आत गेला, तर काट्याच्या पावत्या नसतात किंवा तुटपुंज्या असतात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, शुल्क 20 रुपये.

अर्ज कोणाकडे हेही आधी ठरवा. तलाव सिडकोनं बांधले, शहर महापालिकेकडे आलं 1 जानेवारी 1992 पासून, खारफुटी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, औद्योगिक पट्टा एमआयडीसीकडे. खारघर, कामोठे, कळंबोलीला पत्त्यात नवी मुंबई लिहीत असले तरी 1 ऑक्टोबर 2016 पासून ते पनवेल महापालिकेत आहेत. तिथली तक्रार वाशी-बेलापूरला केली तर ती नुसती फिरत राहील.

गावठाणाबद्दल अजून एक, कारण हे कोणी लिहीत नाही. आमच्या गावांची घरं जुन्या काळी उंचवट्यावर होती, खाली शेतं. शेतांवर भराव पडून सेक्टर वर आले आणि बऱ्याच ठिकाणी गाव खड्ड्यात गेलं. आज जोराचा पाऊस आला की सेक्टरचं पाणी गावात उतरतं. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे, त्यांच्यातले पाच जण जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या जासईच्या आंदोलनात गोळीबारात हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना त्यानंतर आली. त्यांच्या नातवंडांना ‘अतिक्रमण’ या एका शब्दात मोजू नका.

नाल्यावर किंवा नाल्याला खेटून गावठाणात बांधकामं झालीच नाहीत असं मी म्हणत नाही. झाली आहेत, काही चार-पाच मजली आहेत, आणि गल्लीत जेटिंगची (पाण्याच्या जोरदार झोतानं गटार धुणारी) गाडी शिरत नाही म्हणून गटारं साफ होत नाहीत. ती अडचण खरी आहे आणि गावानं ती स्वतः सोडवली पाहिजे. पण तिचं पाणी त्या गल्लीपुरतं तुंबतं, चार सेक्टर बुडवत नाही. शिवाय ताशी 80-100 मिलिमीटर पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं तर झडप, तलाव सगळं उत्तम असूनही थोडा वेळ पाणी राहणारच.

घराचं म्हणाल तर तळमजला घेऊ नका. वरचं घर घेतानाही इमारत उधाणाच्या दिवशी दुपारी, शक्यतो पावसात, बघा. डांबराचे थर चढत गेल्यामुळे रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला असेल तर ती इमारत सोडा. मीटर रूमच्या आणि जिन्याखालच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ शोधा, नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांत दिलेला असेल तर कारण विचारा. लिफ्टच्या खड्ड्यात पंप बसवलेला आहे का ते पाहा, असेल तर तिथे पाणी का येतं ते विचारा. आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण रस्त्यापासून निदान दीड फूट वर हवं. ते खाली असेल तर तुंबलेलं पाणी आधी तिथे शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांच्या नळांना तेच येतं.