घोड्यांचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. आपल्या म्हाताऱ्या घोड्यांच्या तबेल्यासाठी तू केलेली वर्षभराच्या कामांची वही नीट वाचली. जानेवारी ते डिसेंबर अशी बारा पानं आणि प्रत्येक पानावर त्या त्या महिन्याची कामं. कष्ट घेतले आहेस, ते दिसतात. पण 'पावसाळ्याची तयारी' तू मे महिन्याच्या पानावर लिहिली आहेस, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दलच.

आपल्याकडे, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याच्या बाजूला डोंगराच्या कुशीत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत आपली घोडी काय खाणार, हे आदल्या दसरा-दिवाळीत ठरलेलं असतं. मे महिन्यात ते ठरवायला गेलीस तर वखारीत उरलेलं गवत मिळेल, आणि तेही चढ्या भावाने. म्हणून वहीचं पहिलं पान दसऱ्याचं कर.

आता हिशेब. आपल्या घोड्यांचं वजन सरासरी साडेतीनशे किलो धर. वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे घोड्याला रोज सात किलो. अठरा घोड्यांना रोज १२६ किलो. पाऊस सरून नवं गवत येईपर्यंत, म्हणजे जून ते ऑक्टोबर, असे १५० दिवस धरले तर जवळपास एकोणीस टन. थोडं भिजतं, थोडं बुरसतं, थोडं पायाखाली जातं, तेव्हा एकवीस टन तरी आत असायला हवं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेव.

गवत घ्यायला स्वतः जा. वाडा, मुरबाड, शहापूरकडे पाऊस सरला की कापणी सुरू होते. फुलोऱ्यात असताना कापलेलं गवत हिरवट राहतं, त्याला वास असतो. बी झडून गेल्यावर कापलेली नुसती काडी असते, तिने पोट भरतं पण ती अंगी लागत नाही. गासडीच्या मध्यात मनगटापर्यंत हात घालून बघ. आत ऊब लागली तर गवत ओलं असताना बांधलंय. ते बुरसणार, ढिगात तापत गेलं तर पेटूही शकतं. बुरशीच्या धुळीने घोड्याला खोकला लागतो, पुढे धाप लागते, आणि म्हाताऱ्या घोड्याची धाप मग जात नाही. भाताचा पेंढा स्वस्त मिळतो म्हणून कुणी गळ घालेल. तो अंथरायला घे. नुसत्या पेंढ्यावर घोडं ठेवलं तर आतड्यात चारा अडकतो आणि पोटशूळ उठतो. कडबा हवा असेल तर रब्बीच्या ज्वारीचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर-नगरकडून येतो तेव्हा घे. ट्रक रात्री बोलाव. घोडबंदर रस्त्यावर अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते आणि गाडी अडकली की भाड्यावरून भांडणं होतात. गवत जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नकोस. खाली विटा, वर बांबू, मधून वारा खेळला पाहिजे.

पावसाळ्यातलं मुख्य काम खुरांचं. सतत ओल्यात उभं राहिलं की खुराच्या तळातली मऊ त्रिकोणी गादी कुजते. काळा चिकट द्रव आणि नाकात बसेल असा वास आला की समज. औषधं आहेत, पण खरा इलाज कोरडी जागा. प्रत्येक घोड्याला दिवसातले काही तास चारही पाय कोरडे ठेवता आले पाहिजेत. त्यासाठी एप्रिलमध्येच तबेल्याच्या दारात आणि पाण्याच्या हौदाभोवती मुरूम टाकून जमीन उचलून घे, कारण सगळ्यात जास्त चिखल तिथेच होतो. पत्र्यांचे बोल्ट, वायसर, पागोळ्यांचं पाणी बाहेर नेणारे चर हे सगळं रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आत उरकून टाक. एखाद्या वळवाच्या सरीत कुठे गळतं ते उभं राहून बघ. खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासायचे. नालबंद लग्नसराईत वरातीच्या घोड्यांच्या मागे असतो, त्याला तेव्हा विनवण्या कराव्या लागतात. चातुर्मासात लग्नं नसतात. पावसाळ्यातल्या त्याच्या फेऱ्या आधीच बांधून घे, आपल्याला तेव्हाच त्याची जास्त गरज असते. आपल्या घोड्यांना आता नाल नकोत, नुसतं तासणं पुरे, हे त्याला स्पष्ट सांग.

जुलैत हिरवं गवत गुडघाभर होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, आता सोडा मोकळं. तसं करू नकोस. आधी अर्धा तास, मग हळूहळू वाढवत दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण चरणं. कोवळ्या गवताने खुराच्या आत दाह होतो, घोडं पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभं राहतं. तसं उभं दिसलं तर त्याच क्षणी डॉक्टरला फोन कर.

माश्यांचा बंदोबस्तही आधीच करायचा. एक घोडा रोज पंधरा-वीस किलो लीद टाकतो, म्हणजे आपल्याकडे दिवसाला तीनशे किलोच्या आसपास. रोपवाटिकावाले उन्हाळ्यात ती घेऊन जातात, पावसात येत नाहीत. त्यांच्याशी मे महिन्यातच बोलून ठेव आणि तबेल्यापासून लांब, वर छप्पर असलेला खड्डा तयार ठेव. मोठ्या चावऱ्या गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातला रोग पसरतो. ताप येतो, जातो, घोडं खातंय तरी वाळत जातं, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. असं दिसलं तर टॉनिक देत बसू नकोस, रक्त तपासायला पाठव.

माणसांचं नियोजन तुझ्या वहीत नाहीच. आपल्याकडे काम करणारी बरीच मंडळी पाड्यांवरची आहेत, त्यांची स्वतःची भातशेती आहे. जुलैत लावणी आली की ती घरी जाणार, आणि गेलीच पाहिजेत. गणपतीतही तेच. ते दिवस सुट्टी म्हणून आधीच वहीत टाक आणि त्या काळात रोजचं काम फक्त चारा, पाणी, लीद आणि खूर इतकंच ठेव. रंगरंगोटी, कुंपण, खरारा नंतर होईल. पावसाळ्यात नवीन घोडा घेऊ नकोस, जिवावर बेतलं असेल तरच घे. नव्याला निदान तीन आठवडे वेगळं ठेवावं लागतं, आणि तेव्हा कोरडी रिकामी जागाच नसते.

दिवाळीच्या फटाक्यांची आणि ३१ डिसेंबरला येऊरच्या डोंगरावरच्या पार्ट्यांतून येणाऱ्या आवाजांची तयारी वेगळी. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, त्यानंतर त्या गाड्यांवरून आपल्याकडे आलेली घोडी ट्रकच्या भोंग्याला दचकत नाहीत, पण सुतळी बॉम्बला भिंतीवर धडका देतात. बुजऱ्या घोड्याला त्याच्या सोबत्याशेजारी बांध, पुढ्यात भरपूर गवत टाक आणि एक ओळखीचं माणूस रात्रभर तिथे ठेव.

हिवाळा हा दातांचा आणि तपासण्यांचा काळ. अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे जमिनीवर पडलेले दिसले तर ते कुणाचे ते शोध. त्याच्या दाढा घासून घ्याव्या लागतील आणि पुढे भिजवलेली कुट्टी द्यावी लागेल. जंताचं औषध सरसकट देऊ नकोस, लीद तपासून ज्याला लागतं त्यालाच दे. धनुर्वाताची लस वर्षातून एकदा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ताचे नमुने सरकारी पशुवैद्यकामार्फत पाठव, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते. तो रोग माणसालाही होतो, म्हणून यात चालढकल नको.

होळीच्या आधी कुंपणाबाहेरची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, साफ झाली पाहिजे, कारण डोंगरावर वणवे तेव्हाच लागू लागतात आणि आपलं गवत आतच साठवलेलं असतं. उन्हाळ्यात नुसतं पिण्याचंच पाणी घोड्यामागे चाळीस लिटर धर. नळाचं पाणी बंद राहील त्या दिवसासाठी दोन दिवसांचा साठा हवा.

एक गोष्ट बाराही महिने लागू आहे. परळचं बैलघोडा हॉस्पिटल नकाशावर जवळ दिसतं. पण पोटशूळ उठलेलं घोडं गाडीत घालून संध्याकाळी घोडबंदर रस्त्याला लागलीस की किती वेळ जाईल ते तुला माहीत आहे. तेव्हा घोडा नेण्याची गाडी आणि इथवर येऊ शकणारे दोन डॉक्टर आजच ठरव, आणि त्यांचे नंबर रात्रपाळीच्या माणसालाही दे.

दसरा झाला की मी मुरबाडला येतो तुझ्याबरोबर. गासडीत हात तू घाल, मी बाजूला उभा राहीन. तोवर गवताची खोली रिकामी करून झाडून घे, जुनं उरलंसुरलं नव्याखाली राहू देऊ नकोस.

तुझा,
काका