कॅथेटर-दिवस रोज मोज
संसर्ग नियंत्रणाचं काम नव्यानं घेतलं आहेस, तर आधी वॉर्डात फिर, संगणक नंतर. रोज ठरलेल्या वेळी मोज, किती रुग्णांना लघवीची नळी (कॅथेटर) आहे. या रोजच्या आकड्यांची बेरीज म्हणजे कॅथेटर-दिवस. नळीमुळे होणाऱ्या लघवीच्या संसर्गाचा दर १००० कॅथेटर-दिवसांमागे काढतात. मोजताना पिशवीही बघ: मूत्राशयाच्या खाली लटकतेय ना, जमिनीला टेकली नाही ना? आणि सिस्टरांना विचार, “ही नळी आज खरंच लागते का?” माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण नळीचा प्रत्येक जादा दिवस धोका वाढवतो. कर्मचारी हात स्वच्छ करायला चोळतात तेव्हा अंगठा आणि बोटांची टोकं हमखास सुटतात, तिकडे लक्ष ठेव. चूक दिसली तर बाजूला घेऊन सांग, चारचौघांत नको. नाहीतर पुढच्या वेळी लोक तुझ्यापासून गोष्टी लपवतील.