‘बडी कॉमेडी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न कोल्हापूरहून आला आहे. चित्रपट मंडळाच्या पत्रकात एका परदेशी ‘इंडिपेंडंट बडी कॉमेडी’ची ओळख द्यायची आहे. ‘बडी’ म्हणजे इंग्रजीत सोबती, आणि बडी कॉमेडी म्हणजे दोन सोबत्यांवर बेतलेला विनोदी चित्रपट. प्रश्नकर्त्यांनी केलेलं वाक्य असं: ‘या स्वतंत्र मित्र विनोदी चित्रपटाचे सुरुवातीला थंड स्वागत झाले.’ हे चालेल का?

अर्थ कळेल, पण वाचणारा तीनदा अडखळेल.

पहिली ठेच ‘मित्र’ या शब्दाला. या प्रकारातली दोन माणसं सुरुवातीला बहुधा मित्र नसतातच. एक नेमस्त, दुसरा उडाणटप्पू, आणि दोघं एकाच कामाला जुंपलेले. मैत्री जमते ती शेवटाकडे. कधी दोघी बायका असतात. म्हणून ‘मित्रपट’, ‘दोस्तपट’ हे शब्द दिसायला सुटसुटीत असले तरी नेमके नाहीत. शिवाय ‘मित्र विनोदी’ असं तोडून लिहिलं की समास मोडतो आणि कुणीतरी विनोदी मित्र समोर उभा राहतो.

मग दुसरं काय? ‘जोडी’ म्हटलं की नायक-नायिका आठवतात. ‘जोडीदार’ तर थेट लग्नाकडे नेतो. ‘दुक्कल’ चांगला ठसकेबाज शब्द, पण वर्तमानपत्रांनी तो चोरांना देऊन टाकला आहे: ‘दुचाकी चोरणारी दुक्कल जेरबंद’. नायकच भुरटे असतील तर खुशाल वापरा. ‘भिडू’ खेळातला सोबती. एकाला शोभतो, दोघांच्या मिळून प्रकाराला नाही.

उरतो तो ‘जोडगोळी’, आणि माझं मत त्यालाच. सतत बरोबर असणारे, एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं येणारच, आणि त्यात थोडी थट्टा, हे सगळं त्या एका शब्दात आहे. लॉरेल-हार्डींना मराठीने ‘जाड्या-रड्या’ केलं ते याच चालीवर: दोन विरुद्ध स्वभाव, मध्ये संयोगचिन्ह, झालं नाव. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ ही तर घरचीच जोडगोळी. कोल्हापुरात जन्मलेल्या मास्टर विनायकांनी १९४० साली ‘लग्न पहावं करून’मध्ये त्यांना पडद्यावर आणलं, दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी त्या भूमिका केल्या. म्हणजे प्रकार आपल्याकडे जुना आहे, नाव तेवढं ठरलेलं नव्हतं. ‘जोडगोळीचा विनोदपट’ असं सरळ लिहावं.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक शब्द सुचवावासा वाटतो: ‘जोड’. तालमीत जोड म्हणजे तोडीचा प्रतिस्पर्धी. खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लावतात ती दोघांनी एकमेकांना भिडावं म्हणून. बडी कॉमेडीचं मर्मही तेच आहे. दोघं तुल्यबळ नसतील, एक सारखा चितपट होत असेल, तर विनोद लंगडा पडतो. शीर्षकात हा शब्द चालणार नाही, बाहेरच्या वाचकाला कळणार नाही. पण ‘जोड काट्याची आहे’ असं एक वाक्य पत्रकात टाकलंत तर गावातल्या प्रेक्षकाला अख्खा चित्रपट कळेल.

आता ‘स्वतंत्र’. नाटकाच्या संदर्भात मराठीत हा शब्द ‘रूपांतरित’च्या विरुद्ध येतो: कथा उसनी नाही, एवढाच अर्थ. इथे म्हणायचं आहे की मोठ्या स्टुडिओच्या पैशाविना केलेला. कोल्हापुरात १९२९ साली निघालेल्या प्रभातसारख्या कंपनीत स्टुडिओ, नटसंच, निर्मिती सगळं एका छपराखाली असे. त्या पद्धतीच्या बाहेरचा तो ‘इंडिपेंडंट’. ‘स्वतंत्र निर्मिती’ लिहिलं की गोंधळ मिटतो. ‘समांतर’ किंवा ‘प्रायोगिक’ मात्र नको. समांतर ही वेगळी चळवळ, आणि प्रायोगिक म्हणजे मांडणीत प्रयोग. जोडगोळीचा विनोदपट मांडणीने अगदी रुळलेल्या वाटेचाही असू शकतो.

‘थंड स्वागत’ तर काढूनच टाका. स्वागत म्हणजे सु + आगत. चांगुलपणा शब्दातच बसलेला, त्यावर गार पाणी कशाला? ‘थंडा प्रतिसाद’ रुळलेला आहे. त्याहून बरं म्हणजे प्रतिसाद कुणाचा ते सांगणं. समीक्षक चित्रपट नावाजतात किंवा झोडपतात. प्रेक्षकांत तो चालतो किंवा पडतो. ‘नावाजला, पण चालला नाही’ एवढ्यात सगळं येतं. ‘डब्यात गेला’ जपून वापरा. काही जण ते पडलेल्या चित्रपटाला म्हणतात, काही जण प्रदर्शितच न झालेल्याला.

तेव्हा वाक्य असं करा: ‘स्वतंत्र निर्मिती असलेला हा जोडगोळीचा विनोदपट सुरुवातीला फारसा चालला नाही.’ समीक्षकांनी नावाजला असेल तर ते ‘चालला नाही’च्या आधी जोडा.

एक चूक हमखास होते, म्हणून सांगून ठेवतो: जोडगोळी स्त्रीलिंगी एकवचनी. ‘ही जोडगोळी मुंबईला निघते’, ‘निघतात’ नव्हे. अनेकवचन हवंच असेल तर वाक्य ‘दोघं’ने सुरू करा.